पाण्यावरचे बिऱ्हाड



आजच्या व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून काही मंडळींची अशी समजूत झालेली दिसते की, आम्ही काश्मिरातल्या हाऊसबोटींचे वर्णन करणार. तसा आमचा विचार नाही. दल सरोवरातली नाव मुक्कामाला चांगली, पण ती बहुधा एका जागी बांधलेली असते. आम्हांला बोलायचे आहे ते चालत्या घरांविषयी. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे आपण म्हणतो. या लोकांचे बिऱ्हाड पाण्यावर असते, आणि ते ताशी तीन मैलांच्या वेगाने पुढे सरकत असते. ही माणसे इंग्लंडमधली आहेत. तिथल्या कालव्यांवर अडीचशे वर्षांपूर्वी जी मालवाहतूक सुरू झाली, तिच्या पोटी एक निराळा समाज जन्माला आला, वाढला आणि मोडला. तो मोडल्यावर त्याच पाण्यावर आता दुसरीच माणसे येऊन राहिली आहेत. या दोघांच्या कहाणीत एक प्रश्न सारखा डोके वर काढतो: ज्याला कायमचा पत्ता नाही, त्याला समाजाने कोणत्या गावचा म्हणायचे?

आपल्या देशावरच्या माणसाला कालवा म्हटला की ऊस आठवतो. पुण्याच्या मंडळींना मुठेचा कालवा आठवेल. आपले कालवे पिकांसाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी काढलेले. त्यांतून कोणी नाव हाकीत नाही. नद्यांचे म्हणाल तर पावसाळ्यात त्या रोरावत येतात आणि चैत्रात त्यांच्या पात्रात कलिंगडांचे वाफे असतात. कोकणची आणि गोव्याची गोष्ट वेगळी. तिथल्या खाड्यांतून मचवे आणि पडाव भरतीबरोबर थेट आतल्या बंदरांपर्यंत जात, आणि मांडवी व जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा तर नावा चालण्याजोगाच आहे. गोदावरीच्या मुखाशी सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात दवलेश्वरमचे धरण बांधले, तेव्हा त्यांच्या मनात शेतीबरोबर नौकानयनही होते. हिंदुस्थानला आगगाडीपेक्षा कालवे अधिक हितकारक, असे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. पण हा विषय आपल्या मातीला अगदीच परका नाही, एवढे यावरून दिसेल.

आता इंग्लंडकडे वळू. मँचेस्टरपासून काही मैलांवर वर्स्ली येथे ब्रिजवॉटरच्या ड्यूकच्या कोळशाच्या खाणी होत्या. कोळसा होता, शहरात गिऱ्हाईक होते. मधला रस्ता नव्हता. घोड्याच्या पाठीवर लादून न्यायचे म्हटले तर एक घोडा फार तर दोन-तीन मण वाहणार. तोच घोडा काठावरून चालत पाण्यातली नाव ओढू लागला तर पंचवीस टन माल सहज नेतो. सारे अर्थशास्त्र या एका घोड्यात आहे. ड्यूकने कालवा काढला आणि १७६१ साली त्यातून कोळसा वाहू लागला. वाटेत इर्वेल नदी आडवी येत होती. तेव्हा नदीवर दगडी कमानी बांधून कालवाच वरून नेला. खाली नदीत नावा आणि वर पुलावर नावा, हे पाहायला लोक दुरून येत. मँचेस्टरमधला कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला.

हे काम ज्याच्या हातून झाले तो जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांच्या चाकांची दुरुस्ती करणारा कारागीर. त्याला लिहिणे जेमतेम येत असे. सांगतात की, मोठी अडचण आली म्हणजे हा गृहस्थ अंथरुणावर जाऊन पडे आणि उत्तर सापडले की उठे. आमच्यापैकी पुष्कळजण अडचण आली की अंथरुणावरच पडतात. फरक एवढाच की ते उत्तर घेऊन उठत नाहीत. असो.

ब्रिंडलीने पुढे एक निर्णय घेतला, आणि पुढच्या दोन शतकांतल्या हजारो कुटुंबांचे घर केवढे असावे हे त्या निर्णयाने ठरले. देशाच्या मध्यभागी डोंगर होते. डोंगर चढायचा तर पाण्याला पायऱ्या हव्यात. या पायरीला ते लॉक म्हणतात. दोन भक्कम दारांच्या मधली ती एक दगडी कोठी असते. नाव आत घ्यायची, मागचे दार लावायचे, वरच्या अंगाची झडप उघडायची. पाणी भरते, नाव आपोआप वर उचलली जाते, मग पुढचे दार उघडून पुढे जायचे. उतरताना याच्या उलट. ही युक्ती इंग्रजांची नव्हे. चीनमध्ये ती ९८४ सालीच वापरात आली होती. पण ब्रिंडलीने या कोठीची रुंदी सुमारे सात फूट आणि लांबी बहात्तर फूट धरली. कारण उघड आहे: अरुंद कोठी स्वस्त पडते, अरुंद बोगदा स्वस्त पडतो, आणि पाणीही कमी लागते. सात गुणिले बहात्तर, आणि पायरी आठ फुटांची धरली, तर चार हजार घनफूट होतात. म्हणजे लाखाहून अधिक लिटर पाणी. एक नाव डोंगर ओलांडते तेव्हा एवढे पाणी माथ्यावरून दोन्ही बाजूंना खाली जाते. म्हणून माथ्यावर तलाव बांधावे लागले. २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडे अवर्षण पडले, तेव्हा लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग बंद ठेवावा लागला. पाणी साठवून पुरवून वापरायची पाळी इंग्लंडवरही येते, हे आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांतल्या श्रोत्यांना ऐकून नवल वाटेल.

कोठी सात फुटांची, म्हणून नाव त्याहून दोन-तीन बोटे अरुंद. लांबी मात्र सत्तर फूट. आपल्या चाळीतला व्हरांडा पाण्यात सोडावा तसा तिचा आकार.

ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याची पहिली कुदळ १७६६ साली जोसाया वेजवुड या कुंभाराने मारली. कुंभार म्हणजे साधा नव्हे. त्याची चिनी मातीची भांडी राजेरजवाडे घेत. खडबडीत रस्त्यावरून भांडी नेली तर निम्मी फुटायची भीती. पाण्यावर हिसका नाही. या कालव्याच्या वाटेत हेअरकॅसलचा डोंगर आला आणि त्यातून दीड मैलाहून लांब बोगदा खोदला गेला. तो इतका चिंचोळा की काठाला घोड्याची वाटच नाही. घोडा डोंगरावरून चालवीत न्यायचा आणि नाव? नावेवर आडव्या फळीवर उताणे पडून, बोगद्याच्या भिंतीवर पाय टेकत, अंधारात पायांनीच भिंत मागे लोटीत पुढे जायचे. तीन-तीन तास. पुढे टेलफर्ड या इंजिनियरने १८२७ साली शेजारी दुसरा बोगदा काढला, त्यात घोड्याची वाट ठेवली. पहिल्या बोगद्यात पन्नास वर्षे माणसांनी पाय झिजवले. इतिहासाच्या पुस्तकांत ब्रिंडलीचे नाव येते, टेलफर्डचे येते. त्या उताण्या माणसांपैकी एकाचेही येत नाही.

प्रारंभी बरेचसे नावाडी घर काठावर ठेवून कामावर जात. १८३०-४० नंतर आगगाडी आली. माल तिकडे वळला, भाडे पडले, नावाड्याची मजुरी उतरली. काठावरच्या घराचे भाडे परवडेना आणि हाताखाली गडी ठेवणेही परवडेना. मग बायको सुकाणूवर आली, थोरला मुलगा घोड्याबरोबर चालू लागला आणि घर नावेतच आले. कुटुंबे पूर्वीही नावेवर असत. पण आता ती रीतच झाली.

त्या घराचे माप सांगतो. सत्तर फुटांपैकी साठ फूट मालाला. कारण माल पैसे देतो, माणसे देत नाहीत. मागच्या टोकाला दहा फूट लांब आणि सात फुटांच्या आत रुंद अशी एक खोली. पायरीने खाली उतरले की डाव्या हाताला कोळशाची शेगडी. तिच्या पलीकडे एक कपाट. त्याचे दार खाली पाडले की ते जेवणाचे मेज होते. अगदी आत आणखी एक कपाट. त्याची फळी आडवी पाडली की नवराबायकोचा पलंग. बाजूच्या बाकावर मुले, बाकाखाली कपडे. भिंतीवर लेसचे पडदे, कडेला कातरलेल्या चिनी बशा, चकचकीत पितळी मुठी, आणि जिथे जागा मिळेल तिथे रंगवलेले गुलाब आणि किल्ले. टपावर पाण्याची रंगीत घागर. ती सुद्धा फुलांनी मढवलेली. कोळसा वाहणाऱ्या माणसांच्या घरात धुळीचा कण दिसू नये, ही त्या बायकांची ईर्षा असे. आमच्या भगिनींना ती समजेल. दहा बाय दहाच्या खोलीत पितांबरीने घासलेली भांडी फळीवर उतरंडीने लावणाऱ्या घरांतूनच आपल्यातले पुष्कळजण आले आहेत.

काठावरच्या लोकांना मात्र हे आत डोकावून पाहायची गरज वाटली नाही. नावाडी म्हणजे दारुडे, भांडकुदळ, चोर. रात्री नाव गावाजवळ लागली की कोंबड्या आत घ्या! फिरत्या माणसाविषयी बसलेल्या माणसाचा समज सगळ्या जगात एकच असतो. आपल्याकडे १८७१ सालच्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो कायदा करणारे सरकार त्याच इंग्लंडचे होते.

याच सुमारास जॉर्ज स्मिथ नावाचा एक माणूस पुढे आला. त्याला गावाच्या नावावरून कोलव्हिलचा स्मिथ म्हणतात. त्याने स्वतः लहानपणी वीटभट्टीवर माती वाहिली होती. आधी तो भट्टीवरच्या मुलांसाठी झगडला आणि १८७१ साली त्यांच्यासाठी कायदा करवून घेतला. नंतर त्याची दृष्टी कालव्याकडे वळली. नावांवर लाखभर माणसे राहतात, त्यांत हजारो मुले, अक्षरशत्रू, एका खोलीत आईबापांशेजारी कोंबलेली, असे त्याने वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकातून लिहिले. त्याचे आकडे फुगवलेले होते असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि नावाड्यांच्या अधःपाताची त्याने केलेली वर्णने वाचताना आमच्याही कपाळाला आठ्या पडल्या. ज्यांचे भले करायचे त्यांना आधी रानटी ठरवायचे, ही सुधारकांची जुनी खोड आहे. पण दहा वर्षांचे मूल पहाटे चार वाजता घोड्यामागे चिखलातून चालत होते आणि त्याला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, हे काही त्याने कल्पनेने रचले नव्हते.

१८७७ साली कायदा झाला. ज्या नावेत माणसे राहतात ती कुठल्या तरी गावच्या दप्तरात नोंदली पाहिजे, तिच्यावर नाव आणि नंबर रंगवला पाहिजे. खोलीत मोठ्या माणसामागे ६० घनफूट आणि बारा वर्षांखालच्या मुलामागे ४० घनफूट हवा असली पाहिजे. साठ घनफूट म्हणजे किती? चार फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच पेटी घ्या. तिच्याहून थोडी कमी. कायद्याने उदार होऊन दिलेली जागा ती एवढी! तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. नाव ज्या गावी नोंदली, त्या गावची ती मुले, आणि त्यांच्या शाळेची जबाबदारी त्या गावची, असे ठरले.

कागदावर हे उत्तम. पण नोंदणीच्या गावी नाव वर्षातून कितीदा येणार? आज बर्मिंगहॅमला माल भरला, आठवड्याने लंडनला उतरवला, दोन दिवस धक्क्यावर नंबर लागेपर्यंत थांबले. या दोन दिवसांत लंडनच्या शाळेत मूल नेऊन बसवावे, तर मास्तर म्हणणार, हे आमचे नव्हे. ज्या गावचे, तिथे ते कधी नाहीच. १८८४ साली कायदा सुधारून तपासनीस नेमले. त्यांनी खोल्या मोजल्या, माणसे मोजली. शाळेचा प्रश्न होता तिथेच राहिला.

१९२१ साली एका सरकारी समितीने सुचवले की, शाळेच्या वयाच्या मुलांना सत्राच्या दिवसांत नावेवर राहूच देऊ नये. १९२९ साली हॅरी गॉस्लिंग यांनी पार्लमेंटात तसे विधेयकही आणले. ते पास झाले नाही. यात दोन बाजू होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. एक बाजू म्हणे, मुलाला अक्षर मिळाले नाही तर त्याला सुकाणूशिवाय दुसरे काही उरत नाही. दुसरी म्हणे, कुटुंब म्हणजेच नाव. मुलांना काठावर ठेवले तर आई त्यांच्यामागे काठावर जाणार, आणि एकट्या पुरुषाच्या मजुरीवर दोन बिऱ्हाडे चालणार नाहीत. आमचे मत विचाराल तर ज्यांनी विधेयक आणले त्यांना मूल दिसत होते, मजुरी दिसत नव्हती. मजुरी वाढवा, मुले आपोआप शाळेत जातील, हे सांगणारे थोडे होते.

मधला मार्ग काढणारी माणसेही निघाली. १९३० साली लंडनजवळ वेस्ट ड्रेटन येथे एका जुन्या मोठ्या नावेतच शाळा भरवण्यात आली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा पाण्यावर आणू. स्टोक ब्रुअर्न या गावी लॉकच्या बाजूला सिस्टर मेरी वॉर्ड नावाच्या परिचारिका राहत. येणाऱ्याजाणाऱ्या नावांवरच्या बाळंतिणींचे, भाजलेल्या मुलांचे, बोटे चेपलेल्या पुरुषांचे औषधपाणी त्या करीत. तू कोणत्या गावचा, हे त्यांनी कोणाला विचारले नाही. १९५१ साली सरकारने त्यांना पदक दिले.

हे ऐकताना आपल्यापैकी कोणाच्या डोळ्यांपुढे ऊसतोडीचे तांडे आले असतील तर ते साहजिक आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडची, नगरकडची कुटुंबे कारखान्यांच्या मुलखात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. गावच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव असते आणि मूल उसाच्या फडात असते. आपल्याकडेही कोणी म्हणाले, शाळाच तिकडे नेऊ. त्यातून साखरशाळा निघाल्या. कोणी म्हणाले, मुलांना गावीच वसतिगृहात ठेवू. जिथे आजीच्या जिवावर मुले मागे राहतात, तिथे काही शिकतात. प्रश्न तोच, फक्त पाण्याऐवजी उसाचा पाला.

पुढची हकीकत भरभर सांगतो. १९४८ च्या पहिल्या दिवशी बहुतेक कालवे सरकारच्या मालकीचे झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी गोठले. नावा आठवडेच्या आठवडे बर्फात अडकून पडल्या, गिऱ्हाइकांनी ट्रकांचा आसरा घेतला आणि त्यांतले बरेचसे परत आलेच नाहीत. सरकारी नावांचा ताफा बहुतेक मोडीत निघाला. लंडनजवळच्या एका जॅमच्या कारखान्याला कोळसा पुरवण्याची एक फेरी उरली होती. तीही १९७० च्या ऑक्टोबरात थांबली. नावाडी कुटुंबे काठावर आली. घरे मिळाली, नळ मिळाला, मुलांना शाळा मिळाली. म्हाताऱ्या बायकांना स्थिर खोलीत झोप येत नसे, असे त्यांच्या आठवणींतून वाचायला मिळते.

पाणी मात्र वाचले, आणि ते वाचवले एका पुस्तकाने असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. एल. टी. सी. रोल्ट हा इंजिनियर १९३९ साली आपल्या पत्नीसह 'क्रेसी' नावाच्या नावेत राहायला गेला. त्या प्रवासाचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली, ऐन महायुद्धात निघाले आणि दमलेल्या लोकांनी ते उचलून धरले. त्यातून १९४६ साली कालवे राखण्यासाठी संस्था निघाली. संस्थापकांचे आपसात पटले नाही आणि १९५१ साली रोल्टला संस्थेतून काढून टाकले. महाराष्ट्रातल्या संस्थांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यात काही नवीन वाटणार नाही. पण काम झाले. बुजलेले कालवे स्वयंसेवकांनी फावडी घेऊन उपसले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग एका विश्वस्त संस्थेकडे आहेत आणि त्यांवर परवाना असलेल्या नावा सुमारे ३५,००० आहेत.

आम्ही एकदा ऑक्सफर्डच्या कालव्यावर अशा नावेत चार दिवस काढले. सुकाणूचा दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते, हे हाताला कळायला एक दिवस जातो. काठावरून चालणारी म्हातारी बाई कुत्र्यासह आपल्याला मागे टाकून जाते. एका लॉकपाशी आम्ही एका बाईंना दार लोटायला हात दिला आणि त्यांनी चहा दिला. त्या नऊ वर्षे नावेवर राहत होत्या, दोन मुले होती. शहरात खोलीचे भाडे देणे त्यांच्या पगारात बसत नव्हते. टपावर सूर्याच्या प्रकाशावर चालणारी विजेची तावदाने, आत तीच कोळशाची शेगडी. कोळसा, तेल आणि गॅस विकणारी नाव महिन्याने येते. संडासाची पेटी ठराविक ठिकाणी नेऊन रिकामी करायची. "लोकांना आमचे गुलाब दिसतात," त्या म्हणाल्या, "ही पेटी दिसत नाही."

त्यांची खरी अडचण निराळी होती. १९९५ च्या कायद्याप्रमाणे ज्यांच्या नावेला कायमची बांधण्याची जागा नाही, त्यांनी एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून अधिक राहायचे नाही. खरोखर प्रवास करीत राहायचे. कायम जागा घ्यावी तर तिचे भाडे जबर, आणि शहरांजवळ ती मिळतही नाही. २०२४ पासून असल्या जागाविरहित नावांना परवान्यासाठी जादा आकारही पडतो. मग सोमवारी शाळेत मूल पोचवायचे, दर दुसऱ्या रविवारी घर पुढे न्यायचे. शाळा दोन मैलांवरून सहा मैलांवर जाते, सहावरून बारा. तेवढ्यात शाळेचे पत्र येते की मुले उशिरा येतात. लागूनच्याच वळणांवर पुढेमागे करीत राहिले तर तो प्रवास धरायचा की नाही, यावर कोर्टकज्जे होतात.

नियमाची बाजूही ऐकली पाहिजे. पाणी सर्वांचे आहे. हजारो नावा शहराच्या वेशीत ठाण मांडून बसल्या तर येणाऱ्याने थांबायचे कुठे? कालवा चालता राहावा म्हणून माणसाने चालते राहावे, हे म्हणणे खोटे नाही. पण १८७७ साली सरकार या लोकांना म्हणत होते, कुठल्या तरी गावचे व्हा. १९९५ साली म्हणू लागले, कुठल्याच गावचे होऊ नका. दोन्ही वेळा शाळेच्या दारात मूलच अडखळले. सवलत द्यायची तर तिथेच द्यावी, असे आम्हांस वाटते. शाळेच्या सत्रापुरती मुदत वाढवली म्हणून कालवा तुंबणार नाही.

मताच्या हक्काचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवला आहे. २००० सालच्या कायद्याने, ज्याला कायम पत्ता नाही त्याने, आपण जिथे बराच काळ असतो असे एक ठिकाण लिहून द्यायचे. तेवढ्यावर मतदारयादीत नाव येते. त्या बाईंनी ते लिहून दिले होते. तिकडे कालव्यावरच्या प्रत्येक पुलाला नंबर असतो. ज्या पुलाखाली धाकटीचा जन्म झाला, त्याच्या शेजारच्या गल्लीचे नाव त्यांनी दिले होते.